वासकाका

चैत्र आला की इतरांच्या गच्चीत मोगरा फुलतो, आमच्या सोसायटीत वासकाका फुलतात. त्यांचं खरं नाव आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलंय. बँकेतून निवृत्त झालेली माणसं सहसा बोन्साय करतात, नाहीतर गीतेच्या वर्गाला जातात. काकांनी दुर्गंधाची बाग लावली.

कठड्यावर त्यांची लाडकी स्टॅपेलिया. मूळची आफ्रिकेची, दिसायला निवडुंग, पण निवडुंग नव्हे. कळी फुग्यासारखी टम्म. उमलली की वीतभराहून रुंद, पिवळट, केसाळ चांदणी, तिच्यावर बारीक तांबड्या रेघा. आणि वास नासलेल्या मटणाचा. "मांस समजून माशी थेट अंडी घालते बरं का," काका कौतुकाने सांगतात, "अळ्या बिचाऱ्या उपाशी मरतात, पण परागकणांचं काम होऊन जातं!" हे ते नेमकं आपण चहात बिस्कीट बुडवत असताना सांगतात.

कुणी नाक मुरडलं की त्यांना चेव येतो. "मधमाश्यांचे लाड सगळेच करतात. माश्यांनी काय घोडं मारलंय?" याला उत्तर नसतं. फाल्गुनात मुंबईत जंगली बदाम फुलला की माणसं त्याच्याखालून नाक दाबून पळतात. काका पुण्याहून पहाटेची गाडी पकडून त्याच झाडाखाली उभे राहायला जातात. काकूंनी मात्र आपली मोगऱ्याची कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत हलवलीय आणि तिकडे काकांना प्रवेश नाही.

खरा सोहळा सुरणाचा. संकष्टीच्या भाजीसाठी आणलेला थोरला गड्डा काकांनी पिशवीतूनच लांबवला आणि कुंडीत पुरला. तो खाऊनपिऊन वयात आला, आणि यंदा वैशाखात पानाआधी मातीतून थेट फूल वर आलं. जांभळट, सुरकुतलेला, मेंदूसारखा गोळा आणि त्याभोवती झालरीचा घोळ. त्या संध्याकाळी काकांनी माझा हात धरून गोळ्यावर ठेवला. खरंच कोमट लागला. "ताप नाही हो, वास लांबवर पोचावा म्हणून तापतो!" असं म्हणताना त्यांचे डोळे पाणावले. आनंदाने असावेत. माझेही पाणावले होते, कारण वेगळं होतं.

रात्री नऊच्या सुमाराला तळमजल्यावरून ओरड सुरू झाली. वॉचमनने डक्टमध्ये बॅटरी मारली, कुणी ड्रेनेजचं झाकण उघडलं, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी फ्रीज रिकामा केला. "उंदीर मेलाय," असा एकमुखी निकाल लागला. काका जिन्यात उभे राहून तो निकाल एखाद्या गवयाने दाद घ्यावी तसा मान डोलवत ऐकत होते. शेवटी न राहवून त्यांनी स्वतःच कबुली दिली.

सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहणी ठेवली. कमिटीचे पाचजण रुमाल बांधून काकांच्या गॅलरीत शिरले. काकांनी तयारी जोरदार केली होती: "लंडनच्या क्यू उद्यानात १८८९ साली याचा सुमात्रातला थोरला भाऊबंद फुलला. आजही तो कुठे फुलला की लोक रांगा लावतात. मी फुकट दाखवतो, तर तुम्ही खिडक्या लावता!"

एकेकाने रुमाल खाली केला. वास नव्हता. सुरणाचा जोर जेमतेम एका रात्रीचा. मादीफुलांचं काम आटोपलं की नरफुलं पराग सोडतात आणि वास ओसरतो. माश्याही निघून गेल्या होत्या. सेक्रेटरी वाकले, पुन्हा हुंगलं आणि म्हणाले, "काका, काहीच येत नाही हो. उगाच तुमच्यावर आळ आला. उंदीरच असणार."

काकांचा चेहरा पार उतरला. कमिटी चपला घालत होती तेव्हा ते दारापर्यंत मागे आले. "सेक्रेटरीसाहेब, स्टॅपेलियाची कळी तटतटलीय. गुरुवारपर्यंत उमलेल. जेवूनच या... नाही, जेवायच्या आधी या."