उघडीप मिळाली की

हवामानाचा जाणकार पुण्यात घरटी एक असतो. गच्चीवर जायचं, सिंहगडाच्या बाजूला डोळे बारीक करून बघायचं आणि "चारपर्यंत येतो" असं सांगून खाली उतरायचं, एवढ्यावर बहुतेक जाणकारांचं भागतं. आमच्या नानांचं भागत नाही. त्यांना घर बदलायचं आहे.

आमची इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डरनं भाड्याचे आणि सामान हलवायचे चेक दिले, जो तो भाड्याची जागा शोधून अकरा महिन्यांचे करार करून बसला, आणि जानेवारीअखेर घरं रिकामी करा अशी नोटीस जिन्यात लागली. बाकीच्यांनी टेम्पो सांगितले. नानांनी पंचांग काढलं. मुहूर्त-बिहूर्त ते मानत नाहीत. त्यांना पावसाची नक्षत्रं आणि त्यांची वाहनं बघायची होती. एकीकडे मोबाइलवर उपग्रहाचं चित्र, दुसरीकडे आर्द्राचं वाहन बेडूक की गाढव. आणि दोन्हींचं एकमत होईपर्यंत कपाटाला हात लावायचा नाही.

"नाना, आत्ताच उरकून घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यात पाऊस नसल्यातच जमा," असं मी सुचवलं.

"डिसेंबरबद्दलही असंच म्हणायचे," नाना म्हणाले. "१ डिसेंबर २०२१. छत्र्या माळ्यावर, आणि माणसं स्वेटरसकट भिजलेली. पश्चिमी चक्रावात हा प्रकार ऐकलाय का तुम्ही?"

मी ऐकलेला नव्हता, त्यामुळे अर्धा तास ऐकला.

अशा तारखा त्यांना तोंडपाठ. आंबिल ओढ्याचा पूर, २५ सप्टेंबर २०१९. निसर्ग चक्रीवादळ, ३ जून २०२०. एकतानगरीत पाणी, २५ जुलै २०२४. नानींचा वाढदिवससुद्धा 'निसर्गनंतर आठ दिवसांनी' असा लक्षात ठेवलेला आहे. मार्च-एप्रिल वळवामुळे बाद झाले. मे महिना पूर्वी त्यांच्या यादीत होता. पण २०२५ साली मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबई-पुण्यात येऊन उभा राहिला, आणि तेव्हापासून मे पावसाळ्यात जमा झाला. दिवाळी म्हणावी, तर २०१९ च्या ऐन दिवाळीत अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ. हस्ताच्या पावसात छोटा हत्ती सांगणं हे तर त्यांना उघड उघड संकटाला आमंत्रण वाटतं.

त्यांचा सगळ्यात लाडका दाखला मात्र शिवाजीनगरचा आहे. तिथल्या वेधशाळेच्या इमारतीला जुने पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात, कारण हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून तिथं आलं. त्याआधी ते कलकत्त्याला होतं, नंतर १९४४ साली दिल्लीला गेलं. "खुद्द हवामान खात्यानं तीनदा बिऱ्हाड हलवलं," नाना बोट नाचवत सांगतात, "आता तेवढा महिना कळू दे. मी त्याच महिन्यात हलतो."

मधूनमधून ते टेम्पोवाल्याला फोनही करायचे. गादी कापसाची आहे, एकदा भिजली की गेलीच, इथपासून सुरुवात.

"काका, ताडपत्री आहे ना आपल्याकडं."

"भोकं किती आहेत?"

"नवीन आहे, काका."

"नवीन म्हणजे एकाही पावसात वापरलेली नाही. मग भरवसा कसा धरायचा?"

यावर तिकडून फोन ठेवला जाई. नाना म्हणत, "रेंज गेली. ढग दाटलेत."

खरं सांगू, नाना पावसाला भ्यायचे, असं मला कधीच वाटलं नाही. भर जुलैत ते हाफपँटवर मंडईतून भाजी आणतात. पण जायच्या बेतात असलेल्या माणसाला जिन्यात रोज कोणी ना कोणी अडवतो, "काय नाना, कधी?" म्हणून. एकदा गेल्यावर कोण अडवणार? आणि विचारणारे वाढतच होते. घर पाडायला आलेला बिल्डरचा इंजिनिअर आधी रोज तगादा लावायला यायचा. महिनाभरात तो दुसऱ्या साइटवरचा स्लॅब कधी टाकू, हे विचारायला येऊ लागला. नाना त्याला तारीख काढून द्यायचे, नानी चहा द्यायच्या, आणि तगादा राहून जायचा.

जून उजाडला. इमारतीत नानांचं एकच घर उरलं. नानींनी कैरीचं लोणचं घातलं, आणि नानांनी लगेच जाहीर केलं की लोणचं मुरेपर्यंत बरणी हलवणं शास्त्राला धरून नाही.

शेवटी नानींनीच टेम्पो सांगितला. तारीख, वाहन, कमी दाबाचा पट्टा, काही न विचारता. पुष्य नक्षत्रातला, म्हणजे म्हातारा पाऊस लागलेला, आठवडाभर सूर्य दिसलेला नाही. टेम्पो दारात लागला आणि लख्ख उघडीप मिळाली. दुपारपर्यंत सगळं सामान कोरडं ठणठणीत वारज्याला पोचलं. लोणच्याची बरणी नानी मांडीवर घेऊन गेल्या. नाना दिवसभर घुश्शात होते. "याला काय अर्थ आहे?" ते ताडपत्रीची घडी घालत म्हणाले. "हा अंदाज कुठंच नव्हता."

दमट हवेत कपडे कपाटात भरले तर बुरशी धरते, म्हणून खोकी हस्त संपेपर्यंत सोडायची नाहीत असा त्यांचा हुकूम होता. नानींनी ती दुसऱ्या दिवशीच सोडली. रिकामी खोकी तेवढी नानांनी घडी करून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहेत. नव्या इमारतीचा ताबा तीन वर्षांनी मिळणार आहे, आणि त्या साली एल निनो असेल की ला निना, याची चौकशी त्यांनी सुरू केली आहे. परवा इंजिनिअरचाही फोन येऊन गेला. स्लॅब गळतोय म्हणे.