उभयान्वयी रेषा

सरकारी दप्तरातल्या ‘आकृतिबंध’ या शब्दाचा आकृतीशी किंवा बंधाशी काही संबंध असावा, अशी शंकासुद्धा एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या मनाला कधी शिवली नव्हती. मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त किती आणि न्यायप्रविष्ट किती, या चार रकान्यांच्या तक्त्याला आम्ही आकृतिबंध म्हणतो. आणि ‘मंगळवार’ म्हणताना ज्याप्रमाणे कोणाला मंगळ ग्रह दिसत नाही, त्याप्रमाणे आकृतिबंध म्हणताना मला केवळ रकाने दिसत. परंतु गेल्या वर्षी आमच्या कार्यालयाला (त्याचे नाव सांगत नाही, माझ्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे अद्याप तेथेच आहेत) एक नवे, तरुण आणि उत्साही साहेब लाभले, आणि त्यांनी रुजू झाल्याच्या तिसऱ्याच दिवशी मला बोलावून फर्मान सोडले, “अधीक्षक, हा तक्ता मंत्रालयात दाखवून कोणाच्या डोक्यात काही शिरणार नाही. चौकटी काढा, त्या रेषांनी जोडा. कोण कोणाच्या हाताखाली, ते एका नजरेत कळलं पाहिजे.” कोण कोणाच्या हाताखाली हे एका नजरेत कळू नये, म्हणूनच आमच्या पूर्वसूरींनी कार्यालयाची रचना इतक्या परिश्रमाने केलेली असते, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे?

हे काम पॉवरपॉइंट नामक साधनावर करावयाचे होते. शत्रूचा कुलवृत्तान्त ठाऊक असावा या न्यायाने मी थोडा तपास केला. हे साधन 1987 साली फोरथॉट नावाच्या एका छोट्या कंपनीने मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आणले. पहिली आवृत्ती निव्वळ कृष्णधवल होती. आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी 1 कोटी 40 लाख डॉलरांना विकत घेतली. मात्र चौकटी रेषांनी जोडून माणसांची उतरंड लावण्याचे मूळ पाप त्याहून फार जुने आहे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेचे अधीक्षक डॅनियल मॅकॅलम यांनी 1855 साली आपल्या नोकरवर्गाचा जो आराखडा काढवून घेतला, तो या जातीतला आद्य नमुना मानतात. अधीक्षक! म्हणजे आमच्याच पदनामाचा इसम. त्या आराखड्यात अध्यक्ष आणि संचालक मंडळ मुळाशी, आणि रेल्वेचे सर्व खाते वृक्षाच्या फांद्यांसारखे वर पसरत गेलेले आहे. गीतेतला अश्वत्थ वर मुळे आणि खाली फांद्या असा उफराटा सांगितला आहे, आणि आमचे सर्व तक्ते त्याच वाणाचे असतात. तेव्हा एकदा मॅकॅलमसाहेबांप्रमाणे झाड सुलटे लावून पाहावे, असे मी भीत भीत सुचवले. “म्हणजे मी सगळ्यांत खाली?” एवढेच साहेब म्हणाले. अश्वत्थ तसाच राहिला.

पहिल्या दिवशी मी एकट्याने सत्तावीस चौकटी काढल्या आणि त्यांच्यामध्ये सव्वीस रेषा अशा बेमालूम ओढल्या की भिंग लावूनही फट दिसू नये. सायंकाळी साहेब आले, “छान,” म्हणाले, आणि सहज म्हणून त्यांनी उपसंचालकांची चौकट उचलून दोन बोटे डावीकडे सरकवली. चौकट गेली, रेषा जागच्या जागी राहिल्या. चार सहायक संचालक आपापल्या रेषा वर करून, बस चुकलेल्या माणसांसारखे, रिकाम्या जागेकडे हात दाखवीत उभे होते. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी पंख्याकडे पाहिले.

तेव्हा माझ्या मदतीला धावली ती आमच्या शाखेतली डेटा एंट्री ऑपरेटर. ही मुलगी कंत्राटी तत्त्वावर आहे. म्हणजे अकरा महिन्यांची नेमणूक, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने, असे तिचे सहावे आवर्तन चालू होते. ती मला चारचौघांत ‘सर’ आणि संगणकापुढे ‘काका’ म्हणते, कारण संगणकापुढे माझी पायरी तिने बरोबर ओळखली आहे. तिने माझ्या एका रेषेवर टिचकी मारली, तिच्या टोकाकडे बोट दाखवले आणि म्हणाली, “काका, ही रेघ टेकली आहे. चिकटलेली नाही.”

टेकणे आणि चिकटणे! सासरी आलेल्या जावयापासून आघाडीच्या सरकारापर्यंत ज्या भेदावर अवघा संसार चालतो, तो या यंत्राने एका ठिपक्यात ठेवलेला आहे. रेषेचे टोक चौकटीच्या जवळ नेले की चौकटीच्या कडांवर बारीक ठिपके उमटतात. आयताला चार, लंबवर्तुळाला आठ. त्यांपैकी एकावर टोक सोडले तर ते हिरवे होते, आणि मग चौकट कोठेही न्या, रेषा पदर धरलेल्या पोरासारखी मागोमाग येते. ठिपका चुकला तर टोक पांढरे राहते. पाहणाराला सर्व काही जुळलेले दिसते आणि प्रत्यक्षात काहीच जुळलेले नसते. आवक-जावक कक्षातल्या जुन्या संगणकावर याच साधनाची जी जुनी आवृत्ती आहे, तिच्यात हिरव्याऐवजी लाल झाले म्हणजे जुळले असे समजावयाचे असते. त्यामुळे तेथले आमचे वरिष्ठ लिपिक आजही हिरवा ठिपका पाहून काम अपुरे आहे असे मानतात आणि घरी जात नाहीत.

या रेषेला इंग्रजीत कनेक्टर म्हणतात. मी तिला मनाशी ‘उभयान्वयी रेषा’ असे नाव दिले, कारण शाळेत पाठ केलेल्या उभयान्वयी अव्ययांचेच हे भाऊबंद आहेत हे माझ्या चटकन ध्यानात आले. सरळ रेषा म्हणजे समुच्चयबोधक ‘आणि’: हा आणि तो, मामला संपला. वळणाची रेषा म्हणजे न्यूनत्वबोधक ‘परंतु’: संबंध आहे, परंतु तो सांगताना जरा वळसा घ्यावा लागतो. आणि तिसरी काटकोनात वळणारी, जिला एल्बो म्हणतात, ती निःसंशय परिणामबोधक ‘सबब’: आधी सरळ जाणार, मध्येच थांबणार, दिशा बदलणार, आणि अखेरीस आपला निर्णय तुमच्या डोक्यावर आणून ठेवणार. हा एल्बो शब्द मला आमच्या नळवाल्याकडून फार पूर्वीच परिचित होता. “साहेब, इथं एल्बो टाकावा लागेल,” असे तो म्हणाला की खर्च दुप्पट होतो, असा माझा अनुभव आहे. या एल्बोच्या मध्यावर एक पिवळा ठिपका असतो. तो धरून ओढला की वाकण पुढेमागे सरकते. त्या एका पिवळ्या ठिपक्याशी मी एक संपूर्ण दुपार घालवली, आणि चारही सहायक संचालकांची वाकणे एका पातळीत आणली, तेव्हा एखाद्या गवंड्याला ओळंबा बरोबर लागल्यावर जो आनंद होत असेल तो मला झाला.

वळणाच्या रेषेपायी मात्र घरात अपमान सोसावा लागला. मी एक छापील प्रत घरी आणली होती. सौभाग्यवतींनी ती चष्मा लावून, तांदूळ निवडता निवडता पाहिली आणि म्हणाल्या, “अहो, ही रेघ घाबरलेली दिसते.” मी नीट पाहिले. लेखाधिकाऱ्यांकडून निघालेली ती रेषा प्रशासन अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचताना खरोखरच अंग चोरीत होती. ज्या बाईने चाळीस वर्षे उंबऱ्यापुढे ठिपक्यांची रांगोळी घातली, जिच्या दोन बोटांच्या चिमटीतून पडणारी रेघ ठिपक्याला वळसा घालताना श्वासाइतकीही अडखळत नाही, तिच्यापुढे ‘हे यंत्र आपोआप वळण काढते’ असे सांगण्यात काही अर्थ नव्हता. मी ती रेषा दुसऱ्या दिवशी सरळ केली.

पुढे बाणांचा प्रश्न उपस्थित झाला. रेषेच्या दोन्ही टोकांना हवे ते बाण लावता येतात, आणि प्रत्येक बाण नऊ मापांत मिळतो. पण बाणाचे तोंड कोणीकडे? हुकूम वरून खाली येतो, हे खरे. परंतु नस्ती खालून वर जाते, आणि वाटेत प्रत्येक टेबलावर ‘मान्यतेस्तव सादर’ होत होत शेवटी ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन पुन्हा खाली येते. वस्तुस्थिती दाखवावयाची तर दोन्हीकडे बाण हवेत, आणि खालच्या टोकाचा बाण नवव्या मापाचा हवा. साहेब म्हणाले, बाण नकोत.

तुटक रेषेचे प्रकरण अधिक नाजूक होते. आमचे लेखाधिकारी पगारापुरते आमच्या कार्यालयाचे, आणि निष्ठेपुरते वित्त विभागाचे. असल्या द्विभार्य संबंधासाठी जगभर तुटक रेषा वापरतात, असे साहेबांनी सांगितले. मी यादी उघडली, तर अखंड रेषेचा प्रकार एक आणि तुटक रेषेचे सात: गोल ठिपके, चौकोनी ठिपके, आखूड तुकडे, आखूड तुकडा आणि ठिपका, लांब तुकडे, आणि लांब तुकड्यांच्या मध्ये एक किंवा दोन ठिपके. जोडले जाण्याची तऱ्हा एक, आणि तुटण्याच्या तऱ्हा सात! ज्याने कोणी ही यादी केली तो एकत्र कुटुंबात वाढलेला असला पाहिजे. लेखाधिकाऱ्यांना मी त्यांच्या समक्ष निवड करू दिली. त्यांनी अर्धा तास विचार करून लांब तुकडा आणि एक ठिपका पसंत केला, आणि जाडी एका पॉइंटची, म्हणजे इंचाच्या बहात्तराव्या भागाची, असावी असे लेखी कळवले.

एवढे झाल्यावर स्वस्थ बसावे, तर मला दुर्बुद्धी सुचली. उजवी टिचकी मारली असता उघडणाऱ्या यादीत ‘रीरूट कनेक्टर्स’ असा एक हुकूम आहे. तो दिला की रेषा आपली जुनी टोके सोडून दोन्ही चौकटींमधले सर्वांत जवळचे ठिपके शोधते. कार्यक्षमतेची ही संधी सोडवेना, म्हणून मी सर्व रेषांना एकदम तो हुकूम दिला. आणि पाहतो तो ज्या रेषा वरून मुजरा करीत चौकटीत शिरत होत्या, त्यांपैकी कित्येक कुशीतून, बगलेतून, चोरदरवाजाने आत घुसल्या. भांडारपालांची रेषा साहेबांच्या चौकटीत थेट डाव्या अंगाने गेली. चित्र म्हणून ते विद्रूप होते. माहिती म्हणून इतके अचूक होते की मी घाईघाईने ‘अनडू’ केले.

सर्व संपले तेव्हा माझ्या ध्यानात आले, की ज्या मुलीने हा आकृतिबंध चिकटवून दिला, तिला त्यात चौकट नाही. मी अधीक्षकाच्या, म्हणजे माझ्या, चौकटीखाली एक लहानशी चौकट काढली, तिला गोल ठिपक्यांची रेषा जोडली, दोन्ही टोके हिरवी झाल्याची खात्री केली आणि आत लिहिले, ‘संगणकचालक (कंत्राटी)’. तिने ते पाहिले आणि म्हणाली, “काका, हे राहणार नाही.” राहिले नाही. बैठकीच्या आदल्या रात्री साहेबांनी अखेरचा हात फिरवला. मंजूर पद नाही, सबब चौकट नाही. त्यांनी चौकट खोडली. परंतु चौकट खोडली तरी रेषा खोडली जात नाही, ती वेगळी खोडावी लागते, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. आणि मी सकाळी डेक्कन क्वीनमध्ये ते पाहिले तेव्हा मला डुलकी येत होती, असे म्हणू या.

मंत्रालयात दिवे मंद झाले. लॅपटॉप हाताळण्यासाठी त्या मुलीला सोबत आणले होते (प्रवासभत्ता अनुज्ञेय नाही, असा शेरा माझ्याच हाताने लिहिलेला). पडद्यावर आमचा अश्वत्थ उलगडला, आणि त्याच्या तळाशी, अधीक्षकाच्या चौकटीतून निघालेली ठिपक्यांची एक रेषा खाली उतरून पांढऱ्या मोकळ्या जागेत थांबली होती.

“ही कुठं चालली आहे?” सचिवांनी विचारले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. या वेळी पंखा नव्हता, वातानुकूलन होते.

“सर, ते...” साहेब म्हणाले, “ते प्रस्तावित आहे.”

“बरं. रीतसर प्रस्ताव पाठवा,” सचिव म्हणाले. “पुढचं दाखवा.”

मागच्या खुर्चीवरून तिने कळ दाबली.