आधी कळस

आमच्या भाच्याला डॉक्टर व्हायचंय. बारावीला मेडिकल चार मार्कांनी हुकलं, ते मनात सलत होतंच. आता चेन्नईत पंधरा वर्षं प्रोजेक्ट मॅनेजर आहे, तर त्याचीच डॉक्टरेट करतो म्हणाला. साधी पीएचडी नव्हे, 'प्रोफेशनल'. फरक काय, विचारलं. "मामा, पीएचडीवाले नवीन ज्ञान शोधतात. आम्ही आपल्याच कामातला प्रश्न सोडवतो." मग पगार कशाचा घेतोस, हे बहीण समोर होती म्हणून विचारलं नाही.

विद्यापीठ परदेशात, वर्ग मोबाइलवर, फी हप्त्याने. असल्या ऑनलाइन पीएचडी आम्ही मानत नाही, असा इशारा यूजीसी आणि एआयसीटीईने 2022 च्या ऑक्टोबरात दिला होता. तो दाखवला, तर म्हणाला, "त्यात पीएचडी लिहिलंय. माझी पीएचडी कुठेय?" अशा माणसाला डॉक्टरेट द्यायलाच हवी.

प्रबंधाला केस स्टडी लागते म्हणून आम्ही तंजावूरला. बृहदीश्वराच्या देवळाच्या विमानाची, म्हणजे शिखराची, सावली जमिनीवर पडत नाही, असं गाइड सांगत होता. आम्ही तिघेही त्या सावलीतच उभे होतो, कारण बाहेर पाय भाजत होते. भाच्याने वर पाहिलं. सुमारे 216 फूट, तेरा मजले, सगळा ग्रॅनाइट, काम 1010 मध्ये पुरं. "गँट चार्टशिवाय?" तो पुटपुटला. हेन्री गँट जन्मायला तेव्हा साडेआठशे वर्षं अवकाश होता. देऊळ बांधणाऱ्या राजराज चोळाचा नाइलाज होता.

मी त्याला देवळातल्या कोरीव लेखांकडे नेलं. तिथे दगडावर हिशेब आहे. आम्ही दिलेलं, आमच्या थोरल्या बहिणीने दिलेलं, राण्यांनी दिलेलं, इतरांनी दिलेलं, सगळं कोरा, असा राजाचा हुकूम. एका नंदादीपाच्या तुपासाठी 96 मेंढ्या. देवळात नाचणाऱ्या चारशे जणी, प्रत्येकीचं नाव, कोणत्या रांगेत कितवं घर. भाच्याच्या एक्सेलमध्ये माणसांना 'रिसोर्स 1' ते 'रिसोर्स 12' म्हणतात. त्यातला सातवा मध्ये सोडून गेला, तेव्हा त्याचं नाव शोधायला एचआरला मेल टाकावा लागला होता.

आता खरी गंमत. मुख्य स्थपती कुंजरमल्लन. त्याला पदवी मिळाली 'राजराज पेरुंतच्चन', म्हणजे राजाच्या नावाचा थोर सुतार-स्थपती. आणि राजाचा नाभिक? त्यालाही त्याच घाटाची पदवी, त्याच दगडावर. ही खरी प्रोफेशनल डॉक्टरेट! कोर्सवर्क नाही, हप्ते नाहीत. गाइड आत्ता होता तेवढाच. आधी हात चालला, मग नाव लागलं. कळससुद्धा शेवटी चढला: पंचविसाव्या राज्यवर्षाच्या 275 व्या दिवशी राजाने तांब्याचा, सोन्याने मढवलेला कळश दिला, अशी तिथे नोंद आहे. डिलिव्हरीची तारीख दगडात कोरून ठेवायची आमच्या कुठल्या मॅनेजरची छाती आहे?

(आपण मराठी माणसंही कमी नाही. जवळजवळ आठशे वर्षांनी, 1803 मध्ये, दुसऱ्या सरफोजीराजांनी त्याच देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतला. बायोडेटा लावायचा तर जागा बघून लावावा.)

भाच्याने सगळ्याचे फोटो काढले. नाभिकाला चार्टमध्ये कुठे बसवायचं यावर बराच विचार करून 'सपोर्ट फंक्शन' असं लिहिलं.

बाहेर येऊन कॉफी घेतली. डबऱ्यातली (तिथल्या पसरट वाटीतली) कॉफी निववता निववता त्याने खिशातून नवं कार्ड काढून दिलं. नावाआधी 'डॉ.' छापलेलं. "पाचशे घेतली की स्वस्त पडतात, मामा."

"आणि प्रबंध?"

"पहिलं प्रकरण मार्चमध्ये द्यायचं होतं. एक्स्टेन्शन मागितलंय."

कार्डं मात्र वेळेत आली होती.