संपर्कराव, फाउंडर अँड सीईओ

संपर्कराव मला लिफ्टमध्ये ‘काका’ म्हणतात आणि ईमेलमध्ये ‘रिस्पेक्टेड सर’. फोनवर दोन्ही चालतं. सकाळच्या फोनला मी ‘सर’ असतो. संध्याकाळी पानं लागायची वेळ झाली आणि बातमीचं काही चिन्ह दिसेना, की आवाज मऊ होतो आणि ‘काका, बघा ना जरा’ येतं. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर उपसंपादक आणि राहतो त्यांच्याच सोसायटीत. मी याला प्राक्तन म्हणतो, ते ‘मीडिया रिलेशन्स’ म्हणतात.

ही जमात आता सगळ्याच शहरांत सापडते. ओळखायची खूण सोपी आहे. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस तुमचं नाव विचारण्याआधी ‘आपण काय करता?’ असं विचारतो, आणि तुम्ही काहीही सांगितलंत तरी ‘अरे वा, याची तर स्टोरी होऊ शकते!’ म्हणतो, तो संपर्कराव. तुम्ही गांडूळखत विका, अबॅकसचे क्लास घ्या, नाहीतर नुसते निवृत्त व्हा. स्टोरी होऊ शकते. मठ्ठा येईपर्यंत तुमच्या हातात व्हिजिटिंग कार्ड आलेलं असतं.

आमच्या संपर्करावांचं शिक्षण फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये झालं. मग लोअर परळच्या एका एजन्सीत दीड वर्ष नोकरी. तिथलं काम म्हणजे पहाटे उठून डझनभर पेपर चाळायचे, क्लायंटचं नाव कुठे आलंय ते शोधायचं आणि नऊच्या आत कात्रणं पाठवायची. नाव कुठेच नसेल तर ‘इंडस्ट्री न्यूज’ म्हणून प्रतिस्पर्ध्याचं कात्रण पाठवायचं. मग नऊ वाजून पाच मिनिटांनी क्लायंटचा फोन, ‘यांचं आलं, आपलं का नाही?’ या प्रश्नाला दीड वर्ष उत्तर दिल्यावर त्यांना वाटलं, शिव्या खायच्याच तर स्वतःच्या कंपनीसाठी खाव्यात. राजीनामा देऊन ते पुण्याला परतले आणि डायनिंग टेबलाच्या खिडकीकडच्या टोकावर कंपनी सुरू झाली. दुसऱ्या टोकावर आजी भाजी निवडते.

धंद्याचं स्वरूप समजून घेण्याचा पहिला प्रयत्न आजीनेच केला.

“म्हणजे जाहिराती करणार?”

“नाही गं आजी. जाहिरातीचे पेपरला पैसे द्यावे लागतात. मी बातमी आणणार. बातमीला पैसे पडत नाहीत.”

“मग लोक तुला कशाचे पैसे देणार?”

जनसंपर्काच्या कुठल्याही अभ्यासक्रमात हा प्रश्न इतक्या नेमक्या शब्दांत येत नाही. संपर्करावांनी ‘विश्वासार्हता’, ‘प्रतिमा’, ‘ब्रँड’ असे तीन शब्द लागोपाठ उच्चारले. आजीने गवारीचं देठ मोडलं आणि ‘बरं’ म्हणाली. हा ‘बरं’ पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिकांचा असतो तसा होता. त्यातून सहमतीखेरीज बाकी सगळं व्यक्त होतं.

कागदपत्रांचा सोहळा मात्र यथासांग झाला. मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनेला २०१७च्या कायद्याप्रमाणे शॉप अ‍ॅक्टसाठी नुसतं ऑनलाइन कळवलं तरी पुरतं. संपर्करावांनी त्या पावतीला चौकट करून ती घड्याळाखाली टांगली. मग फुकटातलं उद्यम प्रमाणपत्र. सूक्ष्म उद्योगाची मर्यादा २०२५पासून अडीच कोटींची गुंतवणूक आणि दहा कोटींची उलाढाल अशी वाढली आहे. एक लॅपटॉप, एक टेबलफॅन आणि आजीकडून उसनी घेतलेली खुर्ची एवढ्या गुंतवणुकीवर संपर्कराव या मर्यादेत आरामात बसले. जीएसटीसाठी सेवाव्यवसायाची उलाढाल वर्षाला वीस लाखांवर जावी लागते. तरी कोटेशनखाली ‘जीएसटी एक्स्ट्रा’ लिहायची त्यांना फार हौस होती. सीए असलेल्या मामाने ‘नंबर नसताना कर मागितलास तर आत जाशील’ म्हटल्यावर ती ओळ खोडली गेली. व्हिजिटिंग कार्डावर ‘फाउंडर अँड सीईओ’ छापायला कुठला नंबर लागत नाही, ही गोष्ट निराळी.

संपर्करावांना या व्यवसायाचा इतिहास मुखोद्गत आहे आणि ते तो समोरच्याची इच्छा न विचारता सांगतात. १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं; कारखान्याचं पत्रक म्हणून निघालेलं हे प्रकाशन पुढे मराठीतलं नामांकित मासिक झालं. ‘बघा काका, आपल्याकडे नांगराच्या कारखान्यानेसुद्धा पीआर केलंय!’ चितळ्यांचं दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं यावर पुण्याने वर्षानुवर्षं विनोद केले. २०१७ साली ते दुपारी उघडं राहणार असं ठरलं, त्याचीही बातमी झाली. ‘बंदची बातमी, उघडल्याची बातमी, आणि खर्च शून्य!’ हे सांगताना त्यांचे डोळे पाणावतात. २१ एप्रिलला राष्ट्रीय जनसंपर्क दिन असतो. त्या दिवशी ते स्वतःला शुभेच्छा देणारी पोस्ट टाकतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर तिला आजीचा एक अंगठा मिळतो.

पहिला क्लायंट मामाच्याच ओळखीतला निघाला. नऱ्ह्याला चिवड्याचा छोटा कारखाना. शेठ स्वतः कढईशी उभे राहणारे, बोलायला रोखठोक. त्यांची मागणी एका वाक्याची होती, ‘पहिल्या पानावर, फोटोसकट.’ संपर्कराव म्हणाले, ‘बघू या सर, मीडिया मिक्स काय म्हणतं ते.’ शेठना एवढंच कळलं की यात काहीतरी मिसळायचं असतं. मिसळण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी होकार दिला.

दुसऱ्या दिवशी माझ्या डेस्कवर प्रेसनोट आली. उघडली तर डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हांचा सडा पडलेला. शेजारच्या डीटीपीवाल्याने जुन्या श्रीलिपीत टाइप करून दिली होती. फोन केला, तर युनिकोडमध्ये पुन्हा आली. यावेळी अक्षरं कळली, मजकूर कळेना. पहिल्या परिच्छेदात शेठ ‘ख्यातनाम’, ‘दूरदृष्टीचे’ आणि ‘सर्वसामान्यांशी नाळ जोडलेले’ होते. दुसऱ्या परिच्छेदात खवय्यांच्या जिभेचे चोचले पुरवले गेले. तिसऱ्यात शेठ म्हणाले होते, ‘गुणवत्ता हाच आमचा श्वास आहे.’ शेठना मी पुढे भेटलो. हा माणूस श्वासाबद्दल काही बोलला असेल तर ते तिखटाच्या खकाण्याबद्दलच. शेवटच्या ओळीत, जणू जाता जाता, लिहिलं होतं की कारखान्यात काम करणाऱ्या सगळ्या बायका आसपासच्याच वस्तीतल्या आहेत आणि त्यांतल्या दोघींनी पाकिटं सील करायचं यंत्र स्वतः दुरुस्त करायला शिकून घेतलंय.

“अरे, बातमी ही आहे,” मी म्हटलं.

“हो काका, पण शेठ म्हणाले आधी त्यांच्याबद्दल येऊ दे.”

या धंद्यातली मुख्य गोम इथेच आहे. बातमी कशात आहे हे संपर्करावांना पक्कं कळतं. पैसे देणाऱ्याला ते पटवायचं धैर्य पहिल्या वर्षात नसतं. म्हणून बातमी शेवटच्या ओळीत लपवून पाठवायची आणि डेस्कवरचा काका ती शोधून काढेल अशी आशा करायची. काका काढतोही. एक कॉलम, चार सेंटिमीटर, पान पाच.

या चार सेंटिमीटरचं पुढे जे झालं ती निव्वळ कला. संपर्करावांनी कात्रण फूटपट्टीने मोजलं, जाहिरातीच्या दराने गुणलं, आणि बातमीवर लोकांचा विश्वास जास्त म्हणून पुन्हा तिनाने गुणलं. बातमीची अशी जाहिरातमोल किंमत काढू नये, असं या क्षेत्रातल्या मोजमाप करणाऱ्या मंडळींनी २०१० साली बार्सिलोनात जमून जाहीर केलं होतं. संपर्करावांना ते ठाऊक आहे. पण बार्सिलोना लांब आणि महिनाअखेर जवळ. रंगीत, स्पायरल बाइंडिंग केलेला अहवाल शेठच्या हातात पडला. शेठनी आकड्यांकडे पाहिलंही नाही. ‘आडनावात वेलांटी चुकलीये,’ म्हणाले.

मग आला संकट-व्यवस्थापनाचा प्रसंग. एका बाईंना चिवड्याच्या पाकिटात स्टेपलची पिन सापडली. त्यांनी फोटो काढून त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तो तासाभरात चार सोसायट्या ओलांडून आमच्यापर्यंत आला. संपर्कराव रिक्षाने नऱ्ह्याला धावले. याच दिवसासाठी ते शिकले होते. त्यांनी शेठना आयव्ही ली सांगितला. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ एक आगगाडी पुलावरून पाण्यात कोसळली, पन्नासहून अधिक माणसं गेली. अपघात दडपण्याची रेल्वे कंपन्यांची तेव्हाची रीत सोडून ली यांनी स्वतः निवेदन काढलं, वार्ताहरांना घटनास्थळी नेलं. जगातली पहिली प्रेसनोट तीच मानतात. तात्पर्य, खरं काय ते आपणच आधी सांगावं.

शेठनी कढईवरची नजर न काढता ऐकून घेतलं. “त्या बाई राहतात कुठे?”

“अं… धायरी.”

शेठ तसेच बनियनवर शर्ट चढवून धायरीला गेले. बाईंच्या दारात उभं राहून म्हणाले, ‘ताई, चूक आमची. पाकिटाला पिन मारायचं आजपासून बंद, सगळी पाकिटं यंत्रावर सील होतील.’ बाईंनी चहा टाकला. त्यांचे यजमान शेठच्या गावाकडचे निघाले. संध्याकाळी त्याच ग्रुपवर त्याच बाईंचा नवा संदेश आला, सोबत शेठचा चहा पितानाचा फोटो. संपर्कराव दिवसभर निवेदनाचा तिसरा मसुदा सुधारत बसले होते. त्यांनी तो डिलीट केला आणि वहीत शेठचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्या दिवसापासून त्यांच्या प्रेसनोटांमधली विशेषणं निम्म्याने कमी झाली, असं मी डेस्कवरून शपथेवर सांगू शकतो.

आता पैशांकडे वळू. संपर्कराव एका बातमीदाराला दिवसातून सहा वेळा फोन करू शकतात. मंत्र्याच्या पीएला रात्री अकराला उठवू शकतात. पण ज्याच्याकडे स्वतःचे पैसे अडकलेत त्याला फोन लावायचा म्हटला, की नेमकी रेंज जाते. दुसऱ्याची स्तुती पानभर लिहिणारा हात स्वतःचं बिल लिहिताना थरथरतो. शेठचं तीन महिन्यांचं बिल थकलं होतं. नोंदणी झालेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात, असं २००६चा कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मामाने हे सगळं समजावल्यावर संपर्करावांनी शेठना जे पत्र लिहिलं त्याची सुरुवात अशी होती, ‘आपल्या उत्तुंग वाटचालीचे साक्षीदार होताना आम्हाला अत्यानंद होत असून…’ व्याजाचा उल्लेख तर नव्हताच, मुद्दलाचाही शोधावा लागे. तो अर्थातच शेवटच्या ओळीत होता.

दिवाळीच्या आधी शेठनी रकमेतला काही भाग दिला आणि बाकीच्या पोटी चिवड्याची वीस पाकिटं. संपर्करावांना बोलवेना. एवढ्या चिवड्याचं करायचं काय? दोन पाकिटं आजीने ठेवून घेतली, उरलेली त्यांनी निरनिराळ्या वर्तमानपत्रांच्या डेस्कवर पोचवली. सोबत प्रेसनोट नाही, कार्ड नाही. एका चिठ्ठीवर बॉलपेनने ‘यंत्र दुरुस्त करणाऱ्या दोघींच्या हातचा’ एवढंच लिहिलेलं.

रात्रपाळीला चिवडा कसा संपतो हे ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. एका पुरवणीच्या मुलीने रिकाम्या पाकिटावरचा पत्ता पाहिला, ती नऱ्ह्याला जाऊन आली, आणि भाऊबिजेच्या अंकात अर्धं पान! त्या दोघी यंत्रासमोर उभ्या, शेठ मागे अर्धवट दिसतायत, आडनावाची वेलांटी बिनचूक. दुकानदार फोन करकरून माल मागू लागले.

संपर्कराव पेढे घेऊन कारखान्यात गेले. शेठनी पेढा तोंडात टाकला आणि खुशीत म्हणाले, “बघितलंत? तुम्ही काही न करता आलं! चांगल्या मालाला पीआर लागतच नाही. आता मला सांगा, तुमचे पैसे कशाचे?”

या धंद्याचं हे असं आहे. काम फसलं की ते कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. जमलं की ते आपोआप झालेलं असतं. मी डेस्कवर अनेक संपर्कराव येताना पाहिले. जे टिकले ते लेखणीने टिकले नाहीत. त्यांच्या घरात कुणीतरी हिशेबाला पक्कं होतं.

संपर्करावांनी घरी येऊन सगळं सांगितलं, तेव्हा आजी मेथी निवडत होती. तिने हात पुसले, नातवाच्या फोनवरून नंबर लावला आणि सुरुवात केली, “शेठ, मी याची आजी. चिवडा झकास होता हो. मीठ अंमळ पुढे होतं, पण कुरकुरीत. पेपरात वाचलं, बरं वाटलं. पोरगं त्या पुरवणीपर्यंत तुमची पाकिटं स्वतः घेऊन गेलं होतं, पावसात. तर उरलेले कधी पाठवताय? आज का उद्या?”

पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. आजी ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवला. दिवेलागणीच्या आत सगळी रक्कम खात्यात जमा झाली, आणि वर पुढच्या वर्षाचं काम.

कंपनीच्या नव्या कार्डावर आता वसुलीसाठी आजीचं नाव आहे. कर्मचारी अजून मोजकेच असल्याने शॉप अ‍ॅक्टला नव्याने काही परवाना लागला नाही.