ट्रॅक्टरमागचा ड्रम

ट्रॅक्टर दारात आला की त्याच्या मागे काही ना काही जोडायची खोड माणसाला लागते. नांगर, रोटाव्हेटर, ट्रॉली, ब्लोअर असं सगळं झालं की नजर मिक्सरवर जाते. गोठ्याचा कोबा, विहिरीचा कठडा, कुंपणाचे खांब... शेतात काँक्रीटचं काम काही संपत नाही. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारा, लिफ्टनं उचलून थेट बांधावर नेता येणारा ड्रम असला की वेगळं इंजिन नको नि माल वाहून नेणं नको. मुद्दा बिनतोड असतो. घरी सांगताना फक्त किंमत सगळ्यात शेवटी येते.

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला, "ड्रम केवढा?" उत्तरात मिळणारा मोठा आकडा बहुधा कोरड्या मालाचा असतो. बांधकामावरच्या नेहमीच्या एका पोत्याच्या मिक्सरला 10/7 म्हणतात. आत दहा घनफूट कोरडा माल, बाहेर सात घनफूट ओला. मधले तीन मुकादमानं खाल्ले असा संशय येतो, पण त्या बिचाऱ्याचा यात हात नाही. खडीच्या फटींत वाळू बसते नि वाळूच्या फटींत सिमेंट.

माझं विचाराल तर ड्रम मोजण्याआधी घमेली उचलणारे हात मोजावेत. एम-20 काँक्रीटला आयएस 456 या भारतीय मानकाच्या कोष्टकाप्रमाणे 50 किलोच्या पोत्यामागे वाळू-खडी मिळून फार तर 250 किलो आणि पाणी 30 लिटर. झाले 330 किलो, आणि हाती आलं पाचएक घनफूट. दहा बाय वीस फुटांच्या गोठ्याला चार इंचाचा थर द्यायचा तर असे तेरा-चौदा घाणे. मिसळायला दोन मिनिटं पुरतात, पण दर घाण्याला डझनभर घमेली भरून ओतायची कुणी? चार माणसांतला एक पोतं फोडतो, एक तंबाखू मळतो, एक फोनवर असतो. उरलेल्या एकाच्या वेगानं तुमचा महागडा ड्रम चालतो. मोठा ड्रम घेतला तर तो नुसता जास्त वेळ वाट बघतो. शिवाय 330 किलो आणि वर ड्रमचं वजन, सगळं मागच्या लिफ्टवर! चढाला लागलं की ट्रॅक्टरचं नाक हलकं होतं आणि स्टिअरिंग फिरवलं तरी गडी सरळच जातो. लहान ट्रॅक्टरवाल्यानं लहान ड्रमच घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

ड्रायव्हर मंडळींचा एक लाडका समज म्हणजे रेस वाढवली की माल लवकर मिसळतो. उलट होतं. ड्रम फार जोरात फिरला की माल भिंतीला चिकटून गोल फिरत राहतो. मिसळायला तो वरून खाली कोसळावा लागतो. आणि मिनिटाला 540 फेऱ्यांचा पीटीओ म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. उपरण्याचं टोक किंवा पदर त्या शाफ्टला लागला तर हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही. त्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर "आड येतं" म्हणून काढून ठेवणाऱ्याला कामावर उभं करू नये.

पाण्याबाबत मात्र कुठलंही यंत्र हतबल आहे. कामावर प्रत्येकाला वाटतं, आणखी एक डबा हवा. पिठल्यासारखा वाहणारा माल पसरायला सोपा, म्हणून सगळे खूश. जास्तीचं पाणी पुढे सुकतं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवून जातं. मग भेगा पडल्या की दोष सिमेंटच्या कंपनीला. डब्यावर खूण करून पाणी ओतायचं काम एकाच माणसाकडे द्यावं, शक्यतो घरातल्या सगळ्यात हट्टी माणसाकडे.

काम संपल्यावर ड्रममध्ये थोडी खडी नि पाणी टाकून पाच मिनिटं फिरवावं. हे जेवणाआधी करायचं, कारण सिमेंट कुणाच्या जेवणासाठी थांबत नाही. जुना किंवा भाड्याचा मिक्सर बघायला जाल तेव्हा रंगाकडे पाहू नका. बॅटरी घेऊन ड्रममध्ये डोकावा. पात्यांवर बोटभर जुनं काँक्रीट बसलेलं दिसलं, तर भावाची घासाघीस न करता दुसरं दुकान गाठा.