तबकडीचा सातबारा

मामलेदार कचेरीत ३४ वर्षे इमानेइतबारे चाकरी करून, तीत ना कोणाची खास मेहेरनजर संपादन केलेली, ना कोणाची खप्पा मर्जी ओढवून घेतलेली, अशा समतोल अवस्थेत अव्वल कारकुनीवरून नायब तहसीलदारीपर्यंत पोहोचलेला आणि तेथूनच रीतसर निवृत्त झालेला मनुष्य आयुष्याच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या मिशिगन प्रांतातील एका मोटारीच्या गॅरेजात बसून प्लॅस्टिकच्या तबकडीच्या नामकरणावरील वादात पंच म्हणून ओढला जाईल, असे भाकीत माझ्या पत्रिकेत असल्यास आमच्या जोशीबुवांनी ते माझ्यापासून हेतुपुरस्सर दडवून ठेवले असले पाहिजे.

ही हकीकत २०१३ च्या आरंभीची. आमच्या नातवाने भूतलावर अवतरण्यासाठी मिशिगनचा ऐन हिवाळा निवडल्यामुळे, ज्या ऋतूत तिकडचे सुज्ञ वृद्ध फ्लोरिडाकडे पळ काढतात नेमक्या त्याच ऋतूत आम्हां उभयतांना तिकडे प्रयाण करावे लागले. बाळ-बाळंतीण इस्पितळातून घरी येण्यापूर्वीच नावाची नोंद उरकण्याची तिकडची वहिवाट असल्याने बारशाची चर्चा बाळाच्याही आधी जन्मास आली होती. सूनबाईंना अमेरिकन शिक्षिकेच्या जिभेवर सुखाने बसेल असे नाव हवे होते, आमच्या कुटुंबाला विष्णुसहस्रनामाच्या हद्दीबाहेर पाऊल टाकणे मंजूर नव्हते, आणि माझा अभिप्राय अद्याप कोणी मागविला नव्हता. या धामधुमीतून निसटून घटकाभर निवांत बसावे म्हणून मी गॅरेजात गेलो, तो तेथेही बारसेच चाललेले!

गॅरेजात चिरंजीवांचे मित्रमंडळ जमत असे. ही सर्व मंडळी डिस्क गोल्फ नावाच्या क्रीडेची एकनिष्ठ उपासक. 'म्हणजे आपली थाळीफेकच की,' असे मी प्रथमदर्शनी उद्गारलो, तेव्हा पखवाजाला कोणी ढोलकी म्हटल्यावर पखवाजियाच्या मुद्रेवर उमटावी तशी वेदना चिरंजीवांच्या मुद्रेवर उमटली. गोल्फाप्रमाणेच यात बहुधा १८ टप्पे असतात आणि कमीत कमी फेकींत ते पुरे करावयाचे असतात. भेद इतकाच की चेंडूच्या जागी वीतभर व्यासाची तबकडी येते, आणि जमिनीतल्या बिळाच्या जागी एका खांबाभोवती लोंबणारा साखळ्यांचा झुबका आणि त्याखाली टोपली. बर्फ पडले म्हणून या उपासनेत खंड पडत नाही. तबकडीच्या पोटाला रंगीत फितीचे शेपूट चिकटवितात, म्हणजे बर्फात गडप झालेली तबकडी शेपटीवरून हुडकून काढता येते.

या पंथाचा मूळपुरुष एड हेडरिक. व्हॅम-ओ कंपनीत असताना फ्रिस्बीचे उड्डाण स्थिर करणाऱ्या वळ्यांचे पेटंट त्याने १९६७ साली मिळविले, १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले, पुढल्याच वर्षी खेळाडूंची पीडीजीए ही संघटना स्थापिली, आणि साखळ्यांच्या टोपलीचे जनकत्वही त्याच्याचकडे जाते. २००२ साली हा गृहस्थ निवर्तला, तेव्हा त्याच्या अंतिम इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लॅस्टिकच्या रसात मिसळून तिच्या तबकड्या ओतण्यात आल्या. हा वृत्तान्त मी वर जाऊन आमच्या कुटुंबाला सांगितला. मेथी निवडता निवडता ती थबकली. 'अहो, अस्थी रामकुंडात सोडतात, गंगेत सोडतात; झाडावर आपटायला कशा हो सोडल्या?' असा प्रश्न तिने विचारला, ज्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. परंतु ज्या पंथाचा आद्य आचार्यच अखेर तबकडी होऊन राहिला, त्या पंथाच्या अनुयायांनी तबकड्यांच्या बाबतीत तारतम्य राखावे ही अपेक्षाच मुळी गैरवाजवी होय, एवढे मात्र मला त्या दिवशी उमगले.

तर झाले होते असे की, गालिच्यांसाठी विख्यात असलेल्या जॉर्जिया प्रांतातील डाल्टन गावी प्रॉडिजी नावाची एक नवी कंपनी निघाली होती, आणि तिने आपली दवंडीच मुळी नामांकित खेळाडूंचे अख्खे पथक दिमतीला घेऊन पिटली होती. २०१२ सालचे अमेरिकेचे अजिंक्यपद पटकावणारा विल शुस्टरिक हा त्या पथकात होता. कंपनीची तबकडी आमच्या गॅरेजातील कोणाच्याही दृष्टीस पडलेली नव्हती, हस्तस्पर्श तर दूरच. परंतु तिच्याविषयीचे मत प्रत्येकाजवळ पक्के होऊन, वाळून, कडक झालेले होते. मला यात नवल वाटले नाही. नव्या मामलेदाराच्या बदलीचा हुकूम निघून तालुक्याला पोहोचण्याच्या आतच तो चहात साखर किती घेतो, त्याची बायको कोणाकडली आणि त्याचा हात कितपत ओला आहे, याचा तपशील आमच्या कचेरीसमोरच्या पानवाल्याकडे तयार असे, आणि साहेब प्रत्यक्ष रुजू होऊन वर्ष लोटले तरी त्या तपशिलात काडीचा फेर होत नसे.

मंडळीत एक भव्य दाढीचा मोटार-मिस्तरी होता. सुमारे २० वर्षे एकाच जुन्या कंपनीच्या तबकड्या फेकीत आल्यामुळे त्या कंपनीविषयी त्याच्या मनात जी निष्ठा उत्पन्न झाली होती, ती त्या कंपनीला ठाऊक असण्याचा मुळीच संभव नव्हता. खेळाडूंनी जुने छत्र सोडून नव्या निशाणाखाली जावे याला तो सरळ फितुरी म्हणे. (त्याने वापरलेला इंग्रजी शब्द याहून पुष्कळ आखूड होता, मी त्याचे भाषांतर केले आहे.) त्याच्या उलट एक परिचारिका होती, जिने रात्रपाळीवरून परतताच, डोळ्यांवर झोप असताना, न पाहिलेल्या तबकड्यांचा संपूर्ण संच मागवून टाकला होता आणि आता त्या टांगायला भिंत कोणती मोकळी करावी एवढाच तिच्यापुढे प्रश्न होता. फेकणार कधी, असे मी विचारले. पहिल्या घाण्याची तबकडी कोणी फेकते का, असे तिने मलाच विचारले. आमच्या फडताळातील, लग्नात आलेली आणि आजतागायत अन्नाचा कण न लागलेली चांदीची ताटे मला आठवली आणि मी निरुत्तर झालो.

पण खरा रणसंग्राम माजला तो नावांवरून. या व्यवसायात तबकडीला भारदस्त नाव देण्याची परंपरा आहे: डिस्ट्रॉयर, फायरबर्ड, व्हॅल्किरी, लेपर्ड. एका तबकडीच्या 'बझ' या नावात तर झेड हे अक्षर ओळीने तीन वेळा लिहितात, आणि तिसरा झेड गाळणाऱ्याला मंडळीत मान नसतो. या पार्श्वभूमीवर नव्या कंपनीने आपल्या तबकड्यांची नावे जाहीर केली ती डी-१, डी-२, एम-१, एम-२, पीए-१, पीए-२ अशी. डी म्हणजे दूर पल्ल्याची, एम मध्यम पल्ल्याची, पीए टोपलीजवळची. आणि अंक जितका लहान तितकी तबकडी अधिक हट्टी, म्हणजे फेकणाऱ्याच्या जोराला न जुमानता अखेर डावीकडे वळणारी. प्लॅस्टिकची प्रतसुद्धा ४०० आणि ७५० अशा आकड्यांनीच ओळखावयाची. (तो आकडा किमतीचा असावा अशा समजुतीने मी प्रथम हादरलो होतो.) मंडळींत एक शाळामास्तर होते. ते उसासा टाकून म्हणाले, की मुलाला असे नाव आजवर कोणी ठेवले आहे काय? पाळण्याशी वाकून माउली काय 'डी-१' म्हणून हाक मारील?

येथे माझ्या अंतःकरणात काय झाले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. ज्या मनुष्याने आयुष्याची उमेदीची वर्षे गाव नमुना १ ते २१ यांच्या सहवासात व्यतीत केली, गाव नमुना सहा म्हणजे फेरफार, सात म्हणजे हक्क, बारा म्हणजे पिके आणि आठ-अ म्हणजे खाते हे ज्याला झोपेत विचारले तरी अचूक सांगता यावे, त्याला सातासमुद्रांपलीकडे, उणे तापमानात, कोणी डी-१ आणि पीए-३ अशी भाषा बोललेली ऐकू यावी, हा योग साधा नव्हे. (पीए हे नाव ऐकून मला आमच्या जिल्हाधिकाऱ्यांचे स्वीय सहायकही आठवले, तेही टोपलीच्या अगदी निकट उभे असत आणि त्यांची फेक सहसा चुकत नसे.) मी उठून उभा राहिलो आणि माझ्या आयुष्यातील पहिले इंग्रजी भाषण केले. नावात काव्य असेल, पण क्रमांकात न्याय असतो. डिस्ट्रॉयर आणि फायरबर्ड यांपैकी अधिक हट्टी कोण हे नवख्याला नावावरून कळत नाही, डी-१ आणि डी-३ यांत मात्र पोरालाही कळते. आणि आमच्याकडे अवघ्या मुलखाची जमीन क्रमांकांनी ओळखली जाते, तरी ती नांगरणीला नकार देत नाही, असा माझ्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता. गॅरेजात शांतता पसरली. त्या साऱ्या मंडळीत नव्या कंपनीला नावांच्या बाबतीत लाभलेला एकमेव चाहता म्हणजे मी, हे सर्वांच्या ध्यानी आले.

मास्तर सभ्य होते. त्यांनी नम्रपणे पृच्छा केली, की तुमचे शेतकरी आपसांत बोलताना शेताला त्या क्रमांकाने संबोधतात काय? मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. कारण मोजणीच्या वेळी ज्या ज्या म्हाताऱ्याला मी गट नंबर विचारला होता, त्या प्रत्येकाने टोपी मागे सारून 'साहेब, नंबर कुठला ध्यानात असायचा, ती म्हसोबाची पट्टी' किंवा 'आंबराईखालचं वावर' असेच सांगितले होते, आणि ते मी माझ्याच हाताने वहीच्या समासात पेन्सिलीने टिपून ठेवीत असे, नाहीतर मला स्वतःलाही ते शेत सापडत नसे.

मार्चअखेर बर्फ विरघळले. नातू दाखल होऊन एव्हाना महिना झाला होता आणि नाव सूनबाईंच्या मनासारखे ठरून हाक मात्र सर्वानुमते 'बाळ्या' अशी मारली जात होती. पुढे एके दिवशी तबकड्यांचे खोके आले. त्यापूर्वी पीडीजीएची मंजुरी लागते, आणि त्या मंजुरीचे नियम वाचून माझा त्या देशाविषयीचा आदर दुणावला. व्यास २१ सेंटिमीटरांहून कमी नसावा. व्यासाच्या दर सेंटिमीटरास ८.३ ग्रॅमपेक्षा अधिक वजन नसावे. कडेला चाकूसारखी धार नसावी, आणि तबकडी दाबली असता ठरावीक जोराच्या आत वाकावी. कुठे कसूर नाही, कुठे 'योग्य वाटेल तसे' नाही. असे कलम आमच्या महसूल खात्यात असते, तर निम्मे दावे दाखल होण्यापूर्वीच निकालात निघाले असते.

खोके उघडल्यावर मात्र नियमांचा संबंध संपला आणि मंडई सुरू झाली. प्रत्येकाने तबकडी हाती घेऊन प्रथम तिचा वास घेतला. मग दोन्ही अंगठ्यांनी मधला फुगवटा दाबला, मग टिचकी मारून कानाशी नेली, मग डोळ्यांच्या रेषेत धरून तिची पाठ सपाट आहे की घुमटाकार याची शहानिशा केली, आणि मग कड बोटांत घोळवीत छताकडे पाहिले. आमच्याकडे हापूसची पेटी फोडल्यावर पिढीजात दर्दी माणसे याच क्रमाने, याच गांभीर्याने वागतात, आणि निर्णयही असाच देतात. दाढीवाला म्हणाला, फार कडक. मास्तर त्याच तबकडीला म्हणाले, फार मऊ. परिचारिकेने ती दोघांच्या हातून काढून घेऊन, बोटांचे ठसे पुसून, पिशवीत घातली.

माझ्या वाट्याला, माझ्या भाषणाची कदर म्हणून, एक निळी डी-१ आली. तिच्या पोटावर वजनाचा आकडा शाईने लिहिलेला होता, त्याखाली मालकाने नाव घालावयाचे असते, म्हणजे हरवलेली तबकडी सापडणारा परत करतो. मी सुवाच्य देवनागरीत माझे संपूर्ण नाव, हुद्दा आणि कंसात 'निवृत्त' असे लिहिले. दाढीवाल्याने आपल्या डी-१ वर आपल्या दिवंगत कुत्र्याचे नाव लिहिले होते आणि तो तिला त्याच नावाने पुकारू लागला होता. फितुरीची गोष्ट त्यानंतर त्याच्या तोंडून निघाली नाही. पुढे २०२१ साली पॉल मॅकबेथ या जगज्जेत्याने डिस्क्राफ्ट या कंपनीशी १० वर्षांसाठी १ कोटी डॉलरांचा करार केला, तेव्हा तर त्याने चिरंजीवांना सांगितले म्हणतात, की इतक्या पैशांत आपणही खुशाल फितूर झालो असतो.

डी-१ हे हत्यार बलदंड बाहूंसाठी असते आणि मंदगती हाताने सोडल्यास ते तत्काळ डावीकडे कोसळते, ही गोष्ट मला समजावून सांगण्यात आली होती. मी ती समजलोही होतो. पण समोर टोपली, पाठीमागे मंडळी, अंगात सूनबाईंनी घेऊन दिलेला कोट आणि मनात नमुना सातचा अभिमान, अशा स्थितीत मी सर्व शक्ती एकवटून फेक केली. तबकडी हातातून निघाली, क्षणभर सरळ गेली, आणि मग अंक एकच्या लौकिकास जागून, ज्या बाजूस आम्ही कोणीही उभे नव्हतो आणि जेथे एक हिरवट डबके होते, त्या बाजूस अत्यंत नियमबद्ध रीतीने वळली. डुबुक असा आवाज झाला. मंडळींनी टोप्या काढल्या. 'सापडली तरी परत यायची नाही, बाबा,' चिरंजीव म्हणाले, 'नाव मराठीत आहे.'

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली. मधल्या काळात त्या कंपनीनेही आकड्यांच्या जोडीला नावे ठेवावयास आरंभ केला. फाल्कन नावाची तबकडी काढली, रिव्हर्ब काढली, आणि मास्तरांचा विजय झाला असे चिरंजीवांनी मला दूरध्वनीवरून कळविले. मी ते फेरफारात नोंदवून घेतले. पुढल्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा बाळ्या, जो आता माझ्या छातीला लागतो आणि माझ्याहून तिप्पट लांब फेकतो, मला घ्यायला विमानतळावर आला होता. त्याने पाठपिशवीतून माझ्यासाठी एक तबकडी काढली. मध्यम पल्ल्याची, त्याच कंपनीची. नाव आर्काइव्ह.

'आजोबा, याला मराठीत काय म्हणतात?'

मी म्हणालो, 'दप्तर.'

'पण दप्तर तर हे,' असे म्हणून त्याने पाठपिशवी वर उचलून दाखविली. आजीने शिकविलेला शब्द बरोबर होता. मी विचार करू लागलो, तेवढ्यात त्याने तबकडी पुन्हा पिशवीत सारली आणि माझी सामानाची गाडी ढकलीत तो पुढे चालू लागला.