तातडीचे उपाय

एप्रिल २०२०. पीरबुऱ्हाणनगरात नांदेडचा पहिला कोरोना रुग्ण सापडला आणि प्रशासनाने तातडीने बांबू ठोकले. गल्ली बंद, दुकान बंद, सासुरवाडीही बंद. शेजारच्या लातूरला जायचं तर आधी पास दाखवा! महिन्याभरात पालकमंत्री अशोक चव्हाणांनाच लागण झाली. ते उपचारांसाठी रुग्णवाहिकेतून मुंबईला गेले. ५५० किलोमीटरांहून लांब. खातं सार्वजनिक बांधकाम, त्यामुळे रस्त्यांची पाहणीही उरकली असेल. वडिलांच्या, शंकररावांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नांदेडच्या विष्णुपुरीत आहेच. पण ते जनतेसाठी! साहेब बरे झाले, आनंदच आहे. विषाणू सगळ्यांना सारखंच मानतो. रुग्णवाहिका मात्र निघण्याआधी आडनाव विचारते.